चुकांची जाहीर नोंदवही





१३ मे २००८ रोजी ‘डेबियन’च्या सुरक्षा गटाने एक सूचना प्रसिद्ध केली. डेबियन ही जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून चालवलेली संगणकप्रणाली. ती कोणालाही घेता येते, उघडून वाचता येते, बदलता येते. तिच्यापासूनच पुढे उबुंटू निघाली. सूचनेत म्हटले होते की, सप्टेंबर २००६ पासून या प्रणालींवर ओपनएसएसएल हे गुप्तलेखनाचे सॉफ्टवेअर वापरून ज्या ज्या गुप्त किल्ल्या तयार झाल्या, त्या सगळ्या निकामी समजाव्यात आणि नव्याने तयार कराव्यात. बँकेपासून विद्यापीठापर्यंत जिथे जिथे या प्रणाली होत्या, तिथल्या व्यवस्थापकांना त्या रात्री झोप लागली नसेल.

किल्लीची सगळी ताकद एका गोष्टीत असते. ती ज्या यादृच्छिक संख्येतून जन्मते, त्या संख्येचा अंदाज कोणालाही बांधता येता कामा नये. डेबियनच्या ओपनएसएसएलमध्ये मात्र ही संख्या ठरवायला एकच गोष्ट उरली होती: चालू प्रोग्रामला संगणकाने दिलेला अनुक्रमांक. तो साधारणपणे ३२,७६७ च्या पुढे जात नाही. म्हणजे एका धाटणीच्या संगणकांवर एका प्रकारच्या, एका लांबीच्या किल्ल्या फार तर तेवढ्याच. हल्लेखोराने त्या सगळ्या आधीच तयार करून ठेवायच्या आणि एकेक लावून पाहायची. अर्जेंटिनाचे लुसियानो बेल्लो यांनी ही गोष्ट उघडकीला आणली, तोवर जवळजवळ वीस महिने लोटले होते.

आता हे घडले कसे ते पाहू, कारण आजच्या व्याख्यानाचा गाभा तिथे आहे. एप्रिल २००६ मध्ये डेबियनच्या बग-नोंदवहीत क्रमांक ३६३५१६ ची तक्रार दाखल झाली. व्हॅलग्रिंड नावाचे एक तपासनीस साधन आहे. प्रोग्रामने काहीही न लिहिलेली स्मृती वाचली, की ते इशारा देते. ओपनएसएसएल वापरणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला असे ढीगभर इशारे येत होते आणि त्या गदारोळात खऱ्या चुका हरवत होत्या. तक्रार अगदी रास्त होती. पॅकेज सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाने शोध घेतला, तेव्हा मूळ दोन ओळींपाशी सापडले. दोन्ही दिसायला अक्षरशः सारख्या. त्याने ओपनएसएसएलच्या मंडळींना विचारले, की या ओळी काढल्या तर चालेल का? बग शोधायला मदत होत असेल तर काढायला हरकत नाही, अशा आशयाचे उत्तर आले. ओळी निघाल्या, इशारे थांबले.

त्यातली एक ओळ काढणे खरोखरच निरुपद्रवी होते. दुसरी ओळ मात्र बाहेरून गोळा केलेली सगळी यादृच्छिकता आत ओतणारे एकमेव दार होती. दार बुजले, पण इशारा देणारे साधन शांत झाले आणि सगळ्यांना वाटले, काम झाले.

मित्रहो, इथे कोणी आळस केला नव्हता, लपवाछपवी केली नव्हती. तक्रार आली, ती तपासली गेली, जाणकारांना विचारले गेले, दुरुस्ती झाली. वरवर पाहिले तर रीतीची एकही पायरी चुकलेली दिसत नाही. तरी मोठा अपघात झाला, कारण तक्रार मिटवणे म्हणजेच दोष दुरुस्त करणे असे सगळ्यांनी धरून चालले. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सॉफ्टवेअरमधल्या बग-नोंदीची सगळी कला आणि सगळी नीती या फरकाभोवती उभी आहे, असे माझे मत आहे. आज मला एवढेच मांडायचे आहे.

हा अपघात मी तुम्हाला तारीखवार, ओळवार सांगू शकलो, कारण तक्रार, तिचा क्रमांक, विचारलेला प्रश्न, आलेले उत्तर आणि काढलेल्या ओळी हे सगळे उघड्यावर आहे. आजही कोणीही वाचू शकतो. २००८ साली चूक सापडल्यावर ती कधी शिरली आणि कोणकोणत्या आवृत्त्यांत पोचली, हे शोधता आले ते याच नोंदींमुळे. बंद दारामागच्या कंपनीत हाच प्रकार घडला असता तर जगाला फार तर ‘ताबडतोब नवी आवृत्ती घ्या’ एवढे एक वाक्य मिळाले असते.

कुठे तुटले तेही नोंदींवरून दिसते. डेबियनने केलेला बदल डेबियनच्या पॅकेजमध्येच राहिला. मूळ प्रकल्पाकडे नीट तपासणीसाठी पूर्ण पॅच म्हणून तो गेला नाही, म्हणून तिथल्या इतिहासात त्याचा मागमूस नव्हता. वह्या दोन होत्या आणि त्यांना जोडणारा धागा नव्हता. पुढच्या काळात डेबियनने असा संकेत ठरवला, की मूळ प्रकल्पाच्या कोडमध्ये आपण केलेल्या प्रत्येक बदलाच्या माथ्यावर तो का केला, कोणत्या बगसाठी केला आणि मूळ प्रकल्पाला कळवला की नाही, हे लिहावे. माथ्यावरच्या या तीन-चार ओळींचे मोल, वर सांगितलेली कथा ज्याला ठाऊक आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

नोंदवही उघडी ठेवण्याची ही रीत आपोआप आलेली नाही. डोनाल्ड क्नुथ यांनी ‘टेक्’ ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहिताना १९७८ पासून स्वतःच्या प्रत्येक चुकीची नोंद ठेवली आणि १९८९ मध्ये ती सगळी यादी वर्गीकरणासह शोधनिबंध म्हणून छापली. आपल्या पुस्तकांतली नवी चूक दाखवणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश पाठवत, आणि लोक तो न वटवता चौकटीत लावत. पण ती एका माणसाची शिस्त होती. अनोळखी माणसांच्या समूहाला ती कशी लागायची? १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी डेबियन सुरू केले, आणि थोड्याच काळात इयन जॅक्सन यांनी ईमेलवर चालणारी बग-व्यवस्था उभी केली. तक्रार ईमेलने पाठवायची, तिला क्रमांक मिळायचा, पुढचे प्रत्येक उत्तर त्याच क्रमांकाखाली कायमचे जमा व्हायचे. १९९७ मध्ये डेबियनने समाजाशी केलेला एक करार जाहीर केला. आम्ही आमच्या अडचणी लपवणार नाही आणि बगची संपूर्ण नोंद सर्वांसाठी कायम उघडी राहील, हे त्यातले एक कलम आहे. चुका उघड ठेवणे हे सोयीचे काम न मानता वचन मानले गेले. त्या कलमाबद्दल मला नितांत आदर आहे.

पुढच्याच वर्षी, ३१ मार्च १९९८ रोजी, नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा कोड खुला केला आणि मोझिला प्रकल्प जन्मला. कोड उघडला पण तक्रारी कपाटात, असे चालणार नव्हते. टेरी वाइसमन यांनी बगझिला लिहिले. मोझिलाचे हे घरगुती साधन पुढे रेड हॅट, ग्नोम, केडीई आणि लिब्रेऑफिसपर्यंत पोचले. त्यानंतर साधने बरीच आली आणि गेली. पायथन भाषेने २०२२ मध्ये आपल्या जुन्या तक्रारी गिटहबवर हलवल्या. साधन कोणते, याला मी फार महत्त्व देत नाही. हलवताना जुने क्रमांक आणि जुनी संभाषणे जिवंत राहिली का, एवढे मी पाहतो.

आता एका नोंदीच्या आत डोकावू. चांगल्या तक्रारीत तीन गोष्टी लागतात: मी काय केले, काय घडले आणि काय घडायला हवे होते. त्यासोबत आवृत्तीचा क्रमांक. ‘चालत नाही’ या दोन शब्दांवरून कोणालाही काही करता येत नाही. ‘अमुक आवृत्तीत ही फाइल उघडली, तिसऱ्या पानावर गेलो, प्रोग्राम बंद पडला, सोबत फाइल जोडली आहे’ यावर करता येते, कारण दुसऱ्या देशातला माणूस तीच फाइल उघडून तोच प्रकार स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकतो. ‘पुटी’ या प्रसिद्ध सॉफ्टवेअरचे कर्ते सायमन टॅथम यांनी १९९९ मध्ये यावर लिहिलेला लेख आजही नवख्यांना वाचायला देतात. लक्षण सांगावे, निदान आपले म्हणून वेगळे सांगावे, हा त्यातला सल्ला मला सर्वांत मोलाचा वाटतो.

बग दुसऱ्याला दिसला की तो शिरला कधी, हा प्रश्न येतो. मागच्या महिन्यात चालत होते आणि आज चालत नाही, मधे हजार बदल झाले. हजार बदल वाचणार कोण? लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या ‘गिट’ या कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात बायसेक्ट नावाची सोय आहे. बरोबर मधला बदल घ्यायचा, प्रोग्राम चालवून पाहायचा. बग दिसला तर तो पहिल्या अर्ध्यात, नाही दिसला तर दुसऱ्या अर्ध्यात. मग त्याचा अर्धा, पुन्हा त्याचा अर्धा. हजार बदलांत दोषी बदल सुमारे दहा तपासण्यांत सापडतो, दहा हजारांत चौदा. यासाठी प्रोग्रामिंगमधले प्रभुत्व लागत नाही, चिकाटी लागते. कितीतरी वापरकर्त्यांनी एक ओळही कोड न लिहिता केवळ या चिकाटीवर लिनक्सच्या इतिहासात आपले नाव लावले आहे, कारण दुरुस्तीखाली ‘कळवणारा’ म्हणून त्यांचा उल्लेख कायमचा राहतो.

दुरुस्तीची नोंदही तितकीच काटेकोर असते. लिनक्सच्या गाभ्यात बग दुरुस्त करणाऱ्याने ‘फिक्सेस’ अशी ओळ लिहावी आणि तिच्यात ज्या बदलाने तो बग आणला त्याच्या ओळखक्रमांकाची पहिली बारा अक्षरे द्यावीत, असा नियम आहे. आपल्या सातबारा उताऱ्यावर जसा फेरफार क्रमांक असतो आणि त्यावरून जमीन कोणत्या व्यवहाराने या नावावर आली ते काढता येते, तसेच इथे आहे. कोडची कोणतीही ओळ दाखवा, ती का लिहिली गेली ते मागे मागे जाऊन सांगता येते. याचा व्यावहारिक उपयोग मोठा आहे. बारा अक्षरांवरून कळते की बग कोणत्या आवृत्तीत शिरला, म्हणजे कोणकोणत्या जुन्या आवृत्त्यांना ही दुरुस्ती पोचवायला हवी. आणि दुरुस्तीसोबत एक चाचणी जोडली गेली पाहिजे. बग परत आला तर ती चाचणी नापास होईल. चाचणी नसलेली दुरुस्ती मी अर्धी मानतो. २००६ मध्ये ‘पुन्हा पुन्हा तयार केलेल्या किल्ल्या एकमेकींपासून खरोखर वेगळ्या आहेत का’ हे पाहणारी चाचणी असती, तर कथा तिथेच संपली असती.

पण आलेल्या तक्रारी वाचतो कोण? मुक्तस्रोताच्या कौतुकात हा प्रश्न नेहमी मागे राहतो. आलेली तक्रार नवी आहे की जुनीच पुन्हा आली, ती किती गंभीर, कोणत्या भागाची, करून पाहता येते का, हे ठरवण्याच्या कामाला ट्रायाज म्हणतात. डेबियनमध्ये तक्रारीच्या गंभीरतेचे वर्ग आहेत आणि वरच्या तीन वर्गांतले बग नवी आवृत्ती अडवून धरतात. तारीख उलटली तरी चालेल, पण ही यादी खाली आल्याशिवाय प्रकाशन नाही. त्यासाठी ठिकठिकाणी लोक शनिवार-रविवार एकत्र बसून बग निपटतात. हे काम दिसत नाही आणि त्याचे कौतुक होत नाही. माझ्या मते ते कोड लिहिण्याच्या तोडीचे आहे.

या कामाला कंटाळून अलीकडे काही प्रकल्पांनी काही महिने कोणी न बोललेली तक्रार यंत्राकडून आपोआप बंद करून घ्यायला सुरुवात केली आहे. मला हे पटत नाही. माणूस बोलला नाही म्हणून दोष नाहीसा होत नाही. मोझिलाच्या नोंदवहीत २००२ मध्ये एक तक्रार आली होती. माउस ठेवल्यावर दिसणारी छोटी सूचनापट्टी, कीबोर्डने दुसऱ्या प्रोग्रामवर गेले तरी पडद्यावर तशीच राहते. क्षुल्लक गोष्ट, पण रोज टोचणारी. ती तक्रार उघडी राहिली, वर्षानुवर्षे लोक तिच्यात भर घालत राहिले आणि २०२३ मध्ये एका नव्या सहभागी माणसाने ती दुरुस्त केली. यंत्राने ती बंद केली असती तर त्या माणसाला ती दिसलीच नसती.

‘पुरेसे डोळे असतील तर कोणताही बग खोल राहत नाही’ या अर्थाचे एरिक रेमंड यांचे विधान १९९७ पासून मुक्तस्रोताचे ब्रीद बनले. त्यात तथ्य आहे, पण डोळे आहेत आणि ते पाहत आहेत यांत अंतर असते. ओपनएसएसएलमध्येच हार्टब्लीड नावाचा दोष निघाला. २०११ च्या शेवटच्या दिवशी कोडमध्ये आला, मार्च २०१२ मध्ये लोकांपर्यंत पोचला आणि ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाला. मागितलेली लांबी खरी आहे का हे न तपासल्यामुळे सर्व्हर एका वेळी ६४ केबीपर्यंत स्वतःची स्मृती परक्याला वाचून दाखवत होता. दोन वर्षे कोड सर्वांसमोर होता. जगातल्या कंपन्या ज्याच्यावर अवलंबून होत्या, त्या प्रकल्पाला वर्षाला सुमारे २,००० डॉलर देणगी मिळत होती आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एक होता. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने कंपन्यांनी निधी उभा केला. आधी केला असता तर बरे झाले असते, हे मी स्पष्ट बोलतो.

एकट्या माणसाचा थकवा हीच भेग आहे, हे वाईट हेतूच्या लोकांनाही कळले. एक्सझेड हे फाइली आवळून लहान करणारे छोटे सॉफ्टवेअर एक माणूस वर्षानुवर्षे विनामोबदला सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे तगादा लावला: पॅच का घेत नाहीस, दुसऱ्याच्या हाती का सोपवत नाहीस? मानसिक आरोग्याच्या त्रासामुळे आपल्याला फारसे जमत नाही, हे त्याने मोकळेपणाने लिहिले होते. अखेर मदतीला आलेल्या एका ‘सहकाऱ्या’ला अधिकार मिळाले आणि २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आवृत्तीत चोरदरवाजा घातला गेला. त्यानंतरचा भाग विशेष ध्यानात घ्या. व्हॅलग्रिंड या आवृत्तीबद्दल इशारे देऊ लागले, आणि ते थांबवण्यासाठी ५.६.१ मध्ये ‘दुरुस्ती’ म्हणून बदल केले गेले. तेच साधन, पुन्हा इशारे, पुन्हा ते शांत करण्याची खटपट. या वेळी मात्र हेतू वाईट होता. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांना डेबियनच्या ‘अनस्टेबल’ आवृत्तीवर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे खटकले. ते आणि व्हॅलग्रिंडचे इशारे यांचा धागा धरून त्यांनी २९ मार्च २०२४ रोजी सारे प्रकरण जगापुढे मांडले. जगभरच्या सर्व्हरवर पसरण्याआधी ते थांबले, कारण एका माणसाने इशारा शांत झाला म्हणून समाधान मानले नाही.

आज आणखी एक ओझे वाढले आहे. यंत्राकडून लिहून घेतलेल्या, दिसायला गंभीर पण आत पोकळ अशा सुरक्षा-तक्रारींचा पूर आला आहे. ‘कर्ल’ या मुक्तस्रोत प्रकल्पाचे डॅनियल स्टेनबर्ग २०२४ पासून याबद्दल उघडपणे लिहीत आहेत. खोटी तक्रार खोडून काढायलाही माणसाचे तास लागतात, आणि ते खऱ्या तक्रारीतून वजा होतात. स्वतः करून पाहिल्याशिवाय तक्रार पाठवू नये, एवढा नियम प्रत्येकाने पाळला तरी पुष्कळ होईल.

आता तुमच्या-माझ्या अंगणातला मुद्दा. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस या सगळ्यांत अक्षरे जुळवण्याचे काम हार्फबझ नावाचा एक मुक्तस्रोत कोड करतो. मराठीची जोडाक्षरे तिथे घडतात. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांत फक्त रफाराचा फरक आहे, पण पहिल्यात गुरुजी आहेत आणि दुसऱ्यात स्वयंपाकी. एखाद्या फॉन्टमध्ये हा ‘ऱ्य’ तुटला, तर टोरांटोत किंवा बर्लिनमध्ये बसलेल्या अभियंत्याला ते दिसणे शक्य नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेतल्या अक्षरांची प्रमाण वळणे ठरवून दिली, पण मजकूर मराठी आहे हे सांगितले नसेल किंवा फॉन्टमध्ये सोय नसेल तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात. आपला ‘ॲ’ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आला तो २००८ मध्ये, आणि जुन्या फॉन्टांत त्याच्या जागी अजूनही रिकामा चौकोन दिसतो. लोहितसारखे मुक्त फॉन्ट पुण्यातल्या अभियंत्यांनी अनेक वर्षे सांभाळले. पण फॉन्ट सांभाळणाऱ्यालासुद्धा कुठे काय तुटले ते कोणीतरी सांगावे लागते. हे बग पाहण्याची क्षमता जगात फक्त मराठी वाचणाऱ्या माणसाकडे आहे, आणि आपण सवयीने त्यांवरून नजर फिरवून पुढे जातो.

म्हणून माझी विनंती आहे. शिक्षक, मुद्रितशोधक, अक्षरजुळणी करणारे, दिवाळी अंक काढणारे, तुमच्यापैकी कोणालाही असे तुटलेले अक्षर दिसले, तर त्याचे छायाचित्र मित्रांच्या गटात पाठवून थांबू नका. कोणता फॉन्ट, कोणत्या प्रोग्रामची कितवी आवृत्ती, काय टंकले, काय उमटले आणि काय उमटायला हवे होते, एवढे लिहा. सोबत शब्द जसा टंकला तसाच जोडा. इंग्रजीत चार ओळी लिहिणे जड वाटत असेल तर ओळखीच्या विद्यार्थ्याला जवळ बसवा, त्यालाही हे काम शिकता येईल. आधी कोणी कळवले आहे का ते शोधा आणि असेल तर त्याच नोंदीत भर घाला. क्रमांक मिळाला की तो जपून ठेवा, महिन्याने कोणी प्रश्न विचारला तर उत्तर द्या, आणि दुरुस्ती आल्यावर नवी आवृत्ती स्वतः तपासून मगच ती तक्रार मिटली असे सांगा.